पेरूऐवजी सीताफळ

सीताफळ तापवलं की कडू होतं, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. संगमनेरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पाककृतींच्या पुस्तकांवर क्रमांक मीच घातले होते, पण त्यातलं एकही उघडून वाचलं नाही. घरी इंदू होती, त्यामुळे तशी वेळच आली नाही.

इंदूच्या जिभेवरच्या गाठीसाठी नाशिकला रेडिएशन झालं, त्याला आता दहा महिने झाले. गाठ गेली आणि गाठीबरोबर चवही गेली. डॉक्टर म्हणाले होते की चव सहा महिन्यांत येते, कुणाला वर्ष लागतं, कुणाची येतही नाही. मात्र खाणं वाढलं नाही आणि वजन असंच उतरत राहिलं, तर पोटात नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं की इंदू पदराचं टोक मुठीत धरायची.

श्रावणात ती म्हणाली, चव येतेय. आधी गोड कळायला लागलं, मग आंबट. नाशिकच्या डॉक्टरांना तिने तेच सांगितलं, आमच्या मुलीला, अनन्याला, हैदराबादला फोनवर तेच सांगितलं. आणि खरोखरच दिवसाला दोन वाट्या मऊ खिचडी पोटात जाऊ लागली. खाताना ती माझ्याकडे बघून मान हलवायची. वजनाचा काटा एका जागी थांबला.

मला शंका आली ती वरणावरून. एकदा मी वरणात मीठ घालायला विसरलो. तिने ते खाल्लं आणि छान झालंय म्हणाली. मग मी चाखलं, तर अळणी. पण मी कुठलीही गोष्ट धड केली असेल याची मला खात्री नसते, तशी धड विसरलो असेन याचीही नव्हती. कदाचित थोडं मीठ पडलं असेल. कदाचित माझीच जीभ म्हातारी झाली असेल. मी तो विषय मनातच ठेवला.

दिवाळीला आठवडा होता. दरवर्षी थंडीत इंदू पेरूचा केक करायची. कुकरमध्ये वाळू तापवून, त्यावर डबा ठेवून. गल्लीतली निम्मी घरं त्याची वाट बघायची. तिच्या वहीत कृती होती. माझ्या मनात आलं, तो केक आपण करावा, काहीतरी तिचं तिला परत द्यावं. पण चांगले पेरू यायला अजून महिना होता आणि बाजारात सीताफळांचे ढीग लागले होते. सीताफळ तिचं सगळ्यात आवडतं. मी विचार केला, गराच्या जागी गर. पुस्तकी माणसाला असं वाटतं की एक शब्द काढून त्या जागी दुसरा घालता येतो.

सकाळभर बसून चाळणीवर सहा सीताफळांचा गर काढला. बियांचा ढीग निघाला, पण गरही भांडंभर झाला. रवा, दही, साखर, तूप, सगळं वहीप्रमाणे घातलं. तापल्या वाळूच्या कुकरची मला भीती वाटते, म्हणून डबा पिशवीत उभा धरून मी बाजारपेठेमागच्या सहादेवच्या भट्टीवर गेलो. दिवाळीआधी बायका घरचं पीठ, तूप, साखर घेऊन तिथे नानकटाई भाजून घ्यायला येतात. मी त्यांच्या ओळीत शेवटी उभा राहिलो. दोघी-तिघींनी मला पुढे जायला सांगितलं, पण माझा पाय उचलेना.

सहादेवने झाकण काढून डब्यात पाहिलं, वास घेतला आणि काही विचारायला तोंड उघडलं. मग नुसतंच "ठिवतो सर" म्हणाला.

पाऊण तासाने केक बाहेर आला. रंग सुरेख, मधोमध फुगलेला. कडेचा एक तुकडा मोडून मी तोंडात टाकला. पहिल्या घासाला गोड, आणि मग घशाशी कडूपणा आला तो जाईना. काढ्यासारखा. सहादेव माझ्याकडे बघत होता.

"सीताफळ व्हतं ना?" त्याने विचारलं. "त्ये तापवलं की कडू हुतं, सर. बासुंदीत बी दूध गार झाल्यावरच घालत्यात."

मग आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"मला वाटलं, सर लई वाचल्यालं माणूस. कुठंतरी वाचूनच केलं असंल. मी कशाला मधी बोलू?"

केक तिथेच टाकून द्यायला हवा होता. सहादेवच्या गाईनेही तो आनंदाने खाल्ला असता. पण मी झाकण लावलं आणि घराकडे निघालो. चालताना वरणाची गोष्ट डोक्यात फिरत होती. आता मला कळणार होतं. मी स्वतःला सांगत होतो की डॉक्टरांना खरं कळायला हवं, औषध बदलता येईल. हे कारण खरं होतं की नव्हतं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

इंदू पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी बशीत तुकडा दिला, दुधात भिजवून. कशाचा आहे ते सांगितलं नाही. तिने चमच्याचं टोक भरून घेतलं, बराच वेळ तोंडात घोळवलं, पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. मग दुसरा चमचा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि आपण बघतोय हे तिला कळू नये म्हणून मधूनमधून खिडकीकडे. चार चमचे झाल्यावर ती हसली.

"पेरू छान लागतोय," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगला जमलाय तुम्हाला."

मी हो म्हणालो.

तेवढ्यात शेजारची रोहिणी आली. ती रोज तिसऱ्या प्रहरी चक्कर टाकते. इंदूने तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं की आज यांनी केक केलाय, घे. मला उठून तो डबा उचलता आला असता. मी खुर्चीतच बसून राहिलो. रोहिणीने तुकडा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा आक्रसला.

"काका, हा तर कडू विष झालाय. सीताफळ भाजलंत का तुम्ही?" ती हसत होती. "काकूंना विचारायचं तरी. काकू, तुम्ही कसा खाल्लात हा?"

इंदूने बशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्यापुढे बशीच नव्हती. मी माझ्यासाठी तुकडा घेतलाच नव्हता. ते तिच्या लक्षात आलं. रोहिणीलाही काहीतरी उमगलं असावं, कारण गॅसवर दूध ठेवलंय असं काहीतरी पुटपुटत ती निघून गेली.

"तुम्हाला माहीत होतं," इंदू म्हणाली.

मी हो म्हणालो. मग मला वाटलं काहीतरी समजावून सांगावं, डॉक्टर, औषध, वगैरे. मी बशी उचलून बाजूला ठेवली.

"कागद खाल्ल्यासारखं लागतं सगळं," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतंय."

संध्याकाळी मी खिचडी नेली. तिने एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला सारली. रागाने नाही, इंदूला राग धरता येत नाही. रोज मी समोर बसायचो, ती खायची, मान हलवायची, त्या मानेसाठी मी उद्याची खिचडी टाकायचो. त्या खोट्यावर दोन वाट्या जात होत्या. आता मान हलवण्यात अर्थ नव्हता, आणि त्याशिवाय खायचं कशासाठी हे तिला कळेना. मी विनवलं. तीन दिवस ती माझ्या विनवणीखातर दोन-दोन चमचे घेत राहिली, मग तेही थांबलं.

सोमवारी नाशिकला गेलो. काटा दीड किलो खाली होता. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, चव कशी आहे. दर वेळी ती पटकन उत्तर द्यायची. त्या दिवशी ती माझ्याकडे बघू लागली, जणू उत्तर माझं होतं.

 मी म्हणालो, नाही. चव नाही. कधीच नव्हती.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. नळीसाठी गुरुवार दिला. सोपं असतं, म्हणाले, पंधरा-वीस मिनिटांचं काम.

परतीच्या गाडीत सिन्नर मागे गेल्यावर इंदूने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ती झोपली होती की नुसती डोळे मिटून होती, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.