शोशोच्या अंगणातून जाणारी वाट

नैरोबीत येऊन मला चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत माझ्या सायकलवर फक्त टॉवेल वाळले होते. इतेनला, धावपटूंच्या त्या डोंगरातल्या गावात असताना हीच सायकल मी दर रविवारी केरिओ दरीच्या कड्यावरून खाली सोडायची. सोबत दोन मावसभाऊ आणि एक शाळामास्तर असायचे. इथे पाण्याच्या प्रयोगशाळेत बढतीवर आले, चौथ्या मजल्यावर खोली घेतली आणि डोंगर संपले. रस्त्यावर सायकल काढावी तर मताटूवाले, म्हणजे खासगी मिनीबसवाले, कानाजवळून गाडी घासून नेतात आणि वर आपल्यालाच शिव्या घालतात. एकदा शहरातल्या जंगलात गेले, तर तिथे कुत्री फिरवणाऱ्या बायका. एक म्हणाली, "अगं, आमचा बाळ सायकलला घाबरतो, जरा उतरून चाल ना." मी उतरले. तिचा बाळ वासराएवढा होता.

मग ऑफिसातल्या कोणीतरी मला 'शनिवारचा चिखल' नावाच्या टोळीत घातलं. शनिवारी सकाळी साडेसहाला लिमुरूच्या पेट्रोल पंपावर जमायचं आणि चहाच्या मळ्यांतून, निलगिरीच्या रानातून पन्नासेक किलोमीटर हाणायचं. टोळीचा म्होरक्या मुनेने नावाचा. त्याचा फर्निचरचा धंदा होता, आणि सायकल अशी की ती त्याने घरात सोफ्याशेजारी ठेवली होती. हे त्यानेच पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

"कुठली तू?"

"इतेनची. जेरोनो."

"इतेनची आणि पळत नाहीस? मग गावाने हाकललं म्हण की!"

सगळे खिदळले. मीही हसले. नव्या शहरात माणूस कशालाही हसतो.

त्या टोळीचा एक नियम होता, कोणालाही मागे टाकायचं नाही. नियम ते इमानदारीने पाळत. चढ चढून वर जात, सावलीत बसत, केळी खात, फोटो काढत. मी धापा टाकत वर पोचले की मुनेने ओरडे, "आली का? चला मग!" आणि सगळे ताजेतवाने होऊन निघत. म्हणजे ज्यांना विश्रांती नको ते वीस मिनिटं बसणार, आणि जिचा जीव घशाशी आलाय तिने एक घोटही न पिता पुन्हा पेडल मारायचं. वर हेच सगळ्यांना सांगणार की आम्ही नव्यांसाठी थांबतो. मला त्यांची तेव्हापासूनच शिसारी यायला लागली. गोड जेल चोखून रिकामी केलेली चिकट पाकिटं ते चहाच्या झुडपांत खोचत. दुसऱ्या दिवशी बायका उघड्या हातांनी ती पानं खुडणार आहेत, हे कोणाच्या गावीही नसे. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, तो तर झुडपांवरच उभ्याने मोकळा व्हायचा आणि म्हणायचा, "खत घातलं." दर आठवड्याला हेच, आणि दर आठवड्याला हशा.

तरी मी जात राहिले. एकटीने जायला वाटा ठाऊक नव्हत्या, हे एक. आणि शनिवार रिकामा गेला की सोमवारपर्यंत माझ्याशी फक्त वॉचमन बोलायचा, हे दुसरं.

टोळीत सगळ्यात मागे राहून रेंगाळलेल्यांना गोळा करणाऱ्याला ते 'शेपूट' म्हणत. शेपूट होते गाथोगो. साठी उलटलेले, त्यामुळे सगळ्यांचे म्झे, म्हणजे वडीलधारे. जुनी जड सायकल, मागच्या कॅरिअरला दोरी. तीस वर्षं या डोंगरांत त्यांनी टपाल वाटलं होतं. टोळी ज्या वाटांवर मिरवायची त्या सगळ्या म्झेंच्या पायाखालच्या, कोणत्या मळ्याचं फाटक कोणाला विचारून उघडायचं तेही त्यांनाच ठाऊक. मुनेने त्यांना नकाशासारखं वापरायचा आणि चढावर मागे टाकायचा.

"तू दम खाऊन घे पोरी," ते मला दर चढाला म्हणायचे. "त्यांना जाऊ दे. त्यांना घरी कोण विचारतंय!"

दोन महिन्यांनी त्यांनी मला आपली स्वतःची एक वाट दाखवली. टोळीला ती ठाऊक नव्हती. काटेरी कुंपणातल्या एका फटीतून आत शिरायचं, एका अंगणातून पलीकडे जायचं, आणि मग मुळ्यांवरून, लाल मातीवरून, वळणं घेत थेट ओढ्यापर्यंत उतार. असला उतार मी इतेन सोडल्यापासून पाहिला नव्हता.

अंगण होतं शोशो वांगेशीचं. शोशो म्हणजे आजी, आणि ती साऱ्या वाडीचीच आजी होती. ऐंशीच्या घरातली, पण स्वतःची दीडशे चहाची झुडपं स्वतः खुडायची. फटीपाशी म्झे सायकलवरून उतरले, टोपी काढली, दोरीने बांधलेला पाव सोडला आणि हाक मारली. ती आली, तिने आमचे हात हातात घेतले, आम्हाला बसवलं, दुधाचा चहा आणि उकडलेल्या अळकुड्या दिल्या. अर्धा तास तिने मला माझे आईबाप, गुरं आणि लग्न या तिन्हींबद्दल विचारलं. शेवटच्या बाबतीत ती फार नाराज झाली. मग आम्ही सायकली हाताने ढकलत अंगण ओलांडलं.

"हे असंच करायचं," म्झे खाली ओढ्यापाशी म्हणाले. "उतरायचं, हाक मारायची, बसायचं, ढकलत जायचं. तिच्या नवऱ्याला मी शब्द दिलाय. त्याची शेवटची पत्रं मीच वाचून दाखवली होती. आणि हे हँडलवरचं वाट नोंदवणारं यंत्र फटीपाशी बंद करत जा. वाट एकदा त्यात गेली की ती सगळ्यांची होते."

मी मान डोलावली. दोनदा त्यांच्यासोबत गेले, दोन्ही वेळा बंद केलं. तिसऱ्यांदा त्यांच्या परवानगीने एकटी गेले. हाक मारली, शोशो घरी नव्हती. अंगण रिकामं होतं, ऊन छान पडलं होतं. मी सायकलवर बसले आणि सोडली. यंत्र चालू होतं. विसरले, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. घरी जाऊन टोळीतले सगळे वापरत त्या सायकलच्या ॲपवर मी ती वाट चढवली, तिला नाव दिलं, आणि माझ्या नावापुढे सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला मिळणारा छोटा सोनेरी मुकुट आला. तिथून दुसरं कोणी गेलंच नव्हतं, मुकुट कोणाला मिळणार! तरी मी तो रात्री तीनदा पाहिला. अडतीस वर्षांची बाई.

सकाळी मुनेनेचा निरोप आला. "जेरोनो, ही कुठली वाट? छुपी रुस्तुम निघालीस! शनिवारी तू पुढे."

तू पुढे. या दोन शब्दांनी मी विरघळले, याची लाज मला अजून वाटते. त्या शनिवारी म्झे भाचीच्या मागणीच्या बोलण्यांसाठी मुरांगाला गेले होते. मला ते आधीपासून ठाऊक होतं.

पहिल्यांदाच टोळी माझ्यासाठी खरोखर थांबत होती. चढावर मला पाणी दिलं. दातवाल्याने माझ्या चेनला तेल घातलं. फटीच्या अलीकडे मी सगळ्यांना सांगितलं, "इथे उतरायचं आहे. आजी राहते. हाक मारून, ढकलत जायचं."

"अर्थात!" मुनेने म्हणाला. "आपण काय रानटी आहोत का?"

पण फटीपाशी पोचेपर्यंत त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागायला आलं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "वेळ सुरू झाली!" मी ब्रेकवर बोटं ठेवली होती, हे खरं आहे. दाबली नाहीत, हेही खरं आहे. थांबले तर मुनेने बाजूने निघून जाईल आणि मुकुट घेईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

शोशो स्वयंपाकाच्या झोपडीतून किटली घेऊन बाहेर आली होती. तिला वाटलं असेल, म्झे आले. तिने हात वर केला, हाक द्यायला. मी तिच्या डावीकडून गेले, इतक्या जवळून की तिच्या डोक्यावरच्या फडक्याचा रंग मी आजही सांगू शकते. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मुनेने "बाजूला, आजी!" म्हणत गेला. मग माझ्या मागे किटली आदळल्याचा आवाज आला, आणि एक आवाज जो किटलीचा नव्हता.

मी ओढ्यापाशी जाऊन थांबले. वाट जिथे संपते तिथे. मधे नाही.

दातवाला पाठोपाठ आला, हँडल वाकडं झालेलं. "मधेच आली ती," तो म्हणाला. "मी काय करणार? पडली बहुतेक हातावर." मग हँडलकडे बघत म्हणाला, "हे कार्बनचं आहे."

मी वर निघाले, तर मुनेनेने माझी सीट धरली. "वेडी आहेस का? वाडीतली माणसं जमतील. सायकली काढून घेतील, पोलीस बोलावतील. बायका आहेत तिथे, बघतील तिला. पलीकडून रस्ता आहे ना?"

वरून बायकांच्या हाका ऐकू येत होत्या. कोणीतरी धावत होतं. मी मुनेनेला म्हणाले, "आहे." आणि तो रस्ता मीच दाखवला.

नंतर ते नेहमीप्रमाणे भाजलेलं बकरं खायला बसले. मीही बसले. कोणी शोशोचं नाव काढलं नाही. मुनेने मात्र फोनकडे बघून म्हणाला, "दोन सेकंदांनी हरलो यार हिच्याकडून!" आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मांस चवीला चांगलं लागलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. मला त्या माणसांची किळस येते, पण त्या दिवशी त्यांच्या पंगतीत माझं पान होतं आणि मी ते साफ केलं.

ती नोंद मी त्याच संध्याकाळी खोडली. मुनेनेच्या यंत्रात ती होतीच, आणि पुढच्या चार दिवसांत त्या वाटेवर आणखी अकरा जण जाऊन आले, माझ्या ओळखीचे नसलेले. म्झेंनी टोळीचा फोनवरचा ग्रुप सोडला. कारण लिहिलं नाही. मी फोन केले, उचलले नाहीत.

नवव्या दिवशी मी रजा टाकून गेले. सायकल घेऊन गेले, कारण दुसरं कसं जायचं ते मला सुचलंच नाही. म्झे फटीपाशी होते. आतल्या बाजूने तीन नवे खांब पुरले होते आणि तिसऱ्याला काटेरी तार ओढत होते. त्यांनी मला पाहिलं. रागावले नाहीत. तारेचं टोक कुंपणातून माझ्याकडे सरकवलं.

"ताणून धर."

मी धरलं. ते खिळे ठोकत राहिले. तार हाताला रुतत होती, आणि ती आणखी रुतावी असं मला वाटत होतं.

"म्झे, कशी आहे ती?"

"मनगट मोडलंय. उजवं. प्लास्टर आहे सहा आठवडे. चहा शेजारणी खुडतायत, जमेल तसा."

"म्झे, पुढे मी होते."

हातोडी थांबली नाही. "ठाऊक आहे. माझ्या नातवाने त्याच दुपारी फोनवर दाखवलं. नाव लिहिलेलं असतं त्यात." आणखी एक खिळा ठोकून झाल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांत पहिली कोण होती, असं ती मला रोज विचारते. पाडलं त्याचं तिला काही नाही. म्हणते, तो आंधळा होता. पण पहिलीने मला पाहिलं होतं, म्हणते, आणि मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला."

"मी आत येते. तिच्या पाया पडते. मला सांगू दे."

"नाही."

"म्झे, ऐका ना—"

"मी तिला सांगितलंय की ती शहरातली कोणी परकी होती. माझ्या ओळखीची नव्हे. मी आणलेली नव्हे." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तीस वर्षं या घरात मी पत्रं वाचली. मेल्याची बातमी वाचली, पोरगा तुरुंगात गेल्याची वाचली. एक अक्षर बदललं नाही कधी. आता बदललं. तू आत आलीस तर ती तुला ओळखेल, आणि मग तिला मीसुद्धा उरणार नाही."

मी तार धरून उभी राहिले. त्यांनी ती शेवटच्या खांबाला गुंडाळली, टोक पक्कडीने मुरगळलं, आणि माझ्या हातात धरायला काही राहिलं नाही. अंगणात पावलं वाजली. झोपडीकडून तो म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"गाथोगो! कोणाशी बोलतोयस रे? कोण आलंय?"

म्झे माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी अडवलं नसतं, असं मला वाटतं. मी उघडलं नाही.

"कोणी नाही, शोशो," ते मान वळवून म्हणाले. "कोणी बाई आहे, वाट विचारतेय."

"मग चहा घेऊन जा म्हणावं तिला!"