अडाणी दाईचं ऐकू नका
गावच्या दाईने, लंकाबाईने, हर्षालीच्या घोट्यावर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. पोरीला आठवा महिना होता, आणि सकाळपासून डोकं ठणकत होतं.

"मशीनला इचारू काय घ्यावं ते," हर्षालीची सासू कुशाबाई म्हणाली.

दोन हजार सहा साली एका संस्थेने डिंभ्याजवळच्या त्या गावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत, बोलणारा कॉम्प्युटर ठेवला होता. चित्र निवडलं की तो सल्ला द्यायचा. शेजारच्या बायांसकट त्या तिथे गेल्या, आणि संस्थेच्या स्नेहलने सुजलेल्या पायांचं चित्र निवडलं.

"हा निष्काळजीपणा आहे," मशीनमधली बाई खेकसली. "अडाणी दाईचं ऐकू नका. ताबडतोब दवाखान्यात जा."

बायांनी लंकाबाईकडे पाहिलं. निम्मं गाव लंकाबाईच्या हातावर जन्मलेलं.

"ऊठ गं," कुशाबाईने सुनेचा दंड धरला. "आमच्या लंकाबाईला अडाणी म्हनतंय डबडं! त्याचं ऐकायचं व्हय? चल घरी."

बाकीच्या बायाही पदर खोचून उठल्या. लंकाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बाया आपल्या बाजूने उठल्या, हे बरंही वाटत होतं. तिने पुन्हा एकदा त्या घोट्याकडे पाहिलं आणि दारात आडवी उभी राहिली.

"शिवी मला दिलीय. तिचं मी बघते. भिमाजीची जीप बोलवा."

"अगं, पर ते तुला..."

"तोंड वंगाळ हाय त्याचं, पर बोलतंय खरं. जीप बोलव, कुशे!"

घोडेगावच्या दवाखान्यात हर्षालीला लगेच दाखल करून घेतलं. रक्तदाब भलताच चढला होता. पाचव्या दिवशी मुलगी झाली. मूठभर जीव, पण दोघी वाचल्या.

त्यानंतर लंकाबाई एकटीच ग्रामपंचायतीत आली.

"ते दाईचं वाक्य काढ," ती स्नेहलला म्हणाली.

"मावशी, आवाज पुण्यात भरलाय. आणि सल्ला बरोबरच होता ना?"

"बरुबर व्हता, म्हनून तर आले. हितं मी दार अडवलं. असं मशीन दुसऱ्या गावातबी हाय. तिथं पोर रागानं घरी नेली, तर कोन अडवनार?"

स्नेहलने कागद-पेन घेतलं. तिने विचारलं, "मग काय म्हणायचं?"

"म्हनावं, दाईला संगं घ्या आन् दवाखान्यात जा."

स्नेहलने पुण्याला फोन लावला, दोन शब्द बोलून ठेवला. "साहेब मिटिंगमध्ये आहेत. संध्याकाळ होईल."

लंकाबाईने खुर्ची फोनजवळ ओढली आणि बसली.

"होऊ दे."