साडेसातची घंटा

मी एक थर्मास बोलतोय. आधीच कबूल करतो की माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ऊन आणि गार एवढंच मला नेमकं कळतं. कोणत्या दिवशी पोटातला बर्फ किती टिकला हे मी आजही सांगेन. पण कोण आधी बोललं, कोणाचा आवाज कापत होता, हे सगळं मी बूच लावलेल्या अवस्थेत ऐकलेलं आहे. त्यात माझी भर पडली नसेल असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. पोटात दुहेरी काच, वर पत्र्याचा अंगरखा आणि त्यावर लाल गुलाब. आमच्या बेटावरच्या गॉल शहरातल्या एका दुकानातून मला पियतिलकच्या आईनं घेतलं. बारा वर्षं मी तिचा बिनदुधाचा चहा सांभाळला. तिच्या शेवटच्या आजारात इस्पितळातही मीच उशाशी होतो. ती गेल्यावर तिचे डोळे न्यायला नेत्रपेढीचा एक म्हातारा तंत्रज्ञ आला, आणि त्याचा थर्मास दारातच फुटला. पियतिलकनं मला पुढे केलं. "हा घ्या. अम्माचाच आहे."

ज्या पोटात तिचा चहा राहिला, त्यात त्या दिवशी बर्फ आला आणि बर्फात तिच्या डोळ्यांची छोटी काचेची बाटली. पुढच्या वर्षी पियतिलक स्वतः त्या पेढीत कामाला लागला. तेव्हापासून त्याच्या मोटारसायकलला बांधलेल्या कापडी पिशवीत मी. आमच्याकडे माणसं जिवंतपणीच डोळे देऊन ठेवतात आणि घरातले ते वचन मोडत नाहीत. त्यामुळे आमचं काम मन वळवण्याचं नव्हतं. वेळ गाठण्याचं होतं. सहा तासांच्या आत डोळे बर्फावर, असा आमच्या पेढीचा नियम. सातव्या तासाला काढलेला डोळा कोणाला बसवत नसत.

आता त्या जुलैची गोष्ट. साल एकोणीसशे शहाण्णव. वीज वाचवायची म्हणून दोन महिन्यांपूर्वी सरकारनं देशभरची घड्याळं एक तास पुढे केली होती. कचेऱ्या नव्या वेळेनं चालत. देवळं, ज्योतिषी आणि हट्टी माणसं जुन्या वेळेनं.

सकाळी दहाला पेढीत फोन वाजला. कोसवत्त गावच्या टपालकचेरीतून निरोप होता: शाळेच्या मुख्याध्यापिका सोमलता टीचर साडेसातला वारल्या. नेत्रदान आहे, लवकर या.

"म्हणजे दीडपर्यंत," पियतिलक म्हणाला, आणि माझ्यात बर्फ भरू लागला.

पोचायला दोन तास पुरले असते. पण दिवस लढाईचे होते. नाक्यावर शिपायांनी आम्हाला उतरवलं.

"यात काय आहे?"

"बर्फ."

"चहाच्या थर्मासात बर्फ? कशाला?"

"डोळ्यांसाठी."

शिपाई दोन पावलं मागे सरकला. "कोणाच्या?"

"एका टीचरच्या. अजून तिच्याकडेच आहेत. तुम्ही सोडलंत तर आणीन."

त्यांचा साहेब जेवायला गेला होता. तो येईपर्यंत माझं बूच उघडं ठेवून मला उन्हात वाळूच्या पोत्यावर ठेवलं. दीड तास. बर्फ कडेनं सुटत होता आणि पियतिलक दर मिनिटाला मनगट बघत होता. शेवटी साहेब आला, त्यानं आत डोकावलं आणि म्हणाला, "जा बाबा. माझ्याही आईनं फॉर्म भरलाय."

कोसवत्तला पोचलो तेव्हा पियतिलकच्या घड्याळात एक चाळीस झाले होते. दहा मिनिटं उशीर. गल्लीत दुखवट्याचे पांढरे झेंडे लागले होते. तो गाडीवरून उतरला, पण गाडीपाशीच थांबला. आत जाऊन काय सांगायचं?

टीचरची मुलगी मल्लिका दारात आली. ती कँडीत नांदत होती, आदल्या दिवशीच आलेली. "आलात, महत्तया," ती म्हणाली. आमच्याकडे साहेबांना असंच म्हणतात. " मी पंखा बंद ठेवलाय. पापण्यांवर ओला कापूस ठेवलाय, दर अर्ध्या तासानं बदलला. उशी उंच केलीय. बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर," तो म्हणाला. माझा पट्टा त्यानं घट्ट आवळला.

रिवाजाप्रमाणे आतल्या भिंतीवरच्या तसबिरी पालथ्या केल्या होत्या. घड्याळ मात्र चालू होतं. त्यात बारा चाळीस झाले होते.

"हे घड्याळ मागे आहे?"

"अम्मानं नवी वेळ घरात येऊच दिली नाही. म्हणायची, सरकारनं सूर्याला पत्र पाठवलंय का?" मल्लिका हसली आणि तिचे डोळे भरले.

पियतिलकनं मनगटावरची वेळ त्या घड्याळाशी ताडून पाहिली. साडेसात जर या घड्याळाचे असतील, तर अजून पन्नास मिनिटं हातात होती.

"त्या गेल्या तेव्हा तुम्ही हे घड्याळ पाहिलंत का?"

"नाही. शाळेची घंटा झाली. अम्मा म्हणाली, 'साडेसात वाजले, पोरं ओळीत उभी राहिली असतील.' मग काही बोलली नाही."

"मग शाळा कुठल्या वेळेनं भरते?"

मल्लिकाला ठाऊक नव्हतं. तिनं मागे उभ्या असलेल्या जिनदास मास्तरांकडे पाहिलं. ते शाळेतले दुसरे शिक्षक. त्यांनी पियतिलककडे नीट निरखून पाहिलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात छापील फॉर्म.

"शाळा सरकारी वेळेनंच भरते, महत्तया," मास्तर म्हणाले.

"नक्की ना? फार महत्त्वाचं आहे."

"सरकारी शाळा दुसऱ्या वेळेनं कशी भरेल?"

"सरकारी वेळेनंच," शेजारची एक म्हातारी म्हणाली.

"एक मिनिट इकडेतिकडे नाही," आणखी कोणी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच क्षणी मला शंका आली होती, असं म्हणायचा मोह होतो. पण खरंच आली होती का? साऱ्या गावाचं एका गोष्टीवर असं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं, एवढंच सांगतो.

पियतिलकनं टीचरपुढे हात जोडले, त्यांच्या पुण्यात आपला वाटा मागितला आणि काम केलं. पंचवीस मिनिटांत. पापण्या त्यानं अशा मिटल्या की मल्लिकाला अम्मा निजल्यासारखी वाटली. दोन पाच झाले होते. मग फॉर्म पुढे ओढून मृत्यूच्या वेळेपाशी तो बराच वेळ थांबला. तिथे साडेआठ लिहिलं असतं तर कोणीही विचारलं नसतं. त्यानं साडेसात लिहिलं.

पेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला. "पस्तीस मिनिटं जास्त झाली, पियतिलक."

"बाई, डोळे स्वच्छ आहेत. तुम्हीच बघा."

"बघितले. पण नियम डोळे बघून बदलत नाही."

टीचरचे डोळे शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला गेले. मल्लिकाला पेढीचं छापील आभारपत्र गेलं. त्यानंतर दर जुलैत तिचं एक पोस्टकार्ड येई: "अम्मा कोणातून तरी बघते आहे ना?" पियतिलक ते माझ्याखाली ठेवी आणि दोन-तीन दिवसांनी उत्तर लिही: "तुमच्या अम्माचं दान वाया गेलेलं नाही." ते खोटं नव्हतं. तरी दर वेळी एक-दोन कागद फाडल्याशिवाय त्याला ते लिहिता येत नसे.

पुढे पेढीत जाड पांढऱ्या पेट्या आल्या. माझं बूच हरवलं, आतली काच तडकली. आता मी फॉर्म भरायच्या टेबलावर असतो आणि माझ्यात पेनं ठेवतात. गरमही राखत नाही, गारही नाही. माणसं मला बाजूला सरकवून सही करतात. त्यांना सांगावंसं वाटतं की बाबांनो, आमचा माणूस दारी येईल तेव्हा त्याच्या हातातल्या कागदाला भिऊ नका. जे घडलं तेच सांगा.

दहा वर्षांनी सरकारनं घड्याळं पुन्हा जुन्या वेळेवर आणली. त्याच वर्षी एक वाकलेले गृहस्थ स्वतःचा फॉर्म भरायला आले. गावाच्या जागी त्यांनी लिहिलं, कोसवत्त. पियतिलक त्या वर्षी निवृत्त होणार होता. तो समोर येऊन बसला. मग त्यानं फार हळू विचारलं, "मास्तर, घड्याळं पुढे होती तेव्हा तुमची शाळा खरंच सरकारी वेळेनं भरायची?"

जिनदास मास्तरांनी त्याला ओळखलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हसले. "आता सांगायला हरकत नाही. टीचरनी घंटा पुढे केलीच नव्हती. नव्या वेळेनं निघायचं तर लहान पोरांना रबराच्या मळ्यातून अंधारात यावं लागलं असतं. हजेरीपटावर सरकारी वेळ, घंटा मात्र जुनी. गावानं शपथ घेतली होती, कुठल्याही कचेरीच्या माणसाला सांगायचं नाही. टीचर गेल्या त्या दिवशी तर कचेरीचा एक माणूस टीचरच्या घरातच येऊन विचारत होता. आम्ही कोणी बधलो नाही."

 दुसऱ्या दिवशी पियतिलक बसनं कोसवत्तला गेला. टीचरच्या कपाटात घंटेच्या खऱ्या वेळांची वेगळी वही होती, ती मास्तरांनी जपून ठेवली होती. परत आल्यावर त्यानं त्यातली त्या दिवशीची नोंद एका कागदावर उतरवली आणि तो कागद घडी करून माझ्यात ठेवला. तो अजून माझ्यात आहे.

सोमलता टीचर नव्या वेळेनं साडेआठला गेल्या. डोळे बर्फावर ठेवले तेव्हा पंचवीस मिनिटं शिल्लक होती.