धुतलेले बगळे

बाबा संग्रहालयात जुनी चित्रं साफ करायचे. ते गेले तेव्हा शेवटचं चित्र लाकडी घोडीवर तसंच राहिलं. मी आधी पाहिलं तेव्हा त्यात हिरवी दरी, वर सोनेरी आभाळ, माणूस औषधालाही नाही. माहितीपुस्तिकेत त्यावर मीच लिहिलं होतं : ‘निर्मनुष्य दरीवरून उडणारे आठ बगळे म्हणजे बंधमुक्त मन.’ वाक्यावर मी खूश होते.

तीन महिन्यांनी त्यांचं सामान आणायला गेले. चौकटी बनवणाऱ्या मामांनी, म्हणजे तीस वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर काम केलेल्या माणसाने, बाबांची कामाची वही पुढे केली. शेवटची नोंद माझ्यासाठी होती : ‘तुझे बगळे धुतले. चड्ड्या निघाल्या.’

वरचा हिरवा थर बाबांनी कापसाच्या बोळ्याने उतरवला होता. खाली दोरी होती, दोरीवर कपडे, मागे नऊ घरं. वहीत त्या दरीचे दोन जुने नकाशे चिकटवलेले. पहिल्यात वस्ती होती, दुसऱ्यात नव्हती.

“हे चित्र काढून घेणाऱ्या जमीनदाराला खिडकीतून मोकळी दरी बघायची होती,” मामा म्हणाले. “आधी माणसं उठवली, मग चित्रातली घरं बुजवली. कपडे तेवढे राहिले. चित्रकाराला कंटाळा आला असेल.”

“किंवा लाज वाटली असेल.”

“तू शिकलेली. तू लाज म्हण.”

मी हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात संचालकबाई आल्या. चित्र जमीनदाराच्या पणतूने दिलेलं, आणि सोमवारी दालन उघडणार होतं त्यांच्याच हातून.

“घरं झाकावी लागतील,” त्या म्हणाल्या. “रंग पुसता येणारा आहे, काढू नंतर. आणि निर्मनुष्य तर तुम्हीच म्हटलंय.”

बाबांचं शेवटचं काम माझ्याच वाक्याखाली गाडलं जाणार होतं.

“चुकीचं म्हटलंय,” मी म्हणाले. “नवी पाटी लिहून देते, खाली माझं नाव घालून. पाहुणे रागावले तर माझ्याकडे पाठवा.”

“आधी त्यांना दाखवीन. नको म्हणाले तर झाकायचं.”

पाटीवर मी लिहिलं : ‘इथे नऊ घरं होती. मालकाने ती उठवली, चित्रकाराने मिटवली. मलाही बगळेच दिसले.’ खाली वहीतलं बाबांचं वाक्य, जसंच्या तसं.

“तो एक शब्द बदलता का?” संचालकबाईंनी विचारलं.

“शब्द बाबांचा आहे.”

सोमवारी पणतूसाहेब वेळेआधीच आले. पाटी दोनदा वाचली, चष्मा लावला, नाक चित्राला टेकेल इतके वाकले. संचालकबाई कागदाची सुरळी करत उभ्या होत्या.

“पुस्तिकेत आठ बगळे आहेत,” ते म्हणाले. “चड्ड्या सातच भरतात.”

“बाबा प्रत्येक चित्रात तिकिटाएवढा तुकडा न धुता ठेवायचे, आधीचं कसं होतं ते कळावं म्हणून,” मी म्हटलं. “आठवा त्यात आहे.”

कोपऱ्यातल्या त्या मळकट चौकोनात एक बगळा अजून उडत होता. बाबांनी नेमकी तीच जागा का निवडली, ते वहीत नव्हतं.

“घरं राहू द्या,” पणतूसाहेब सरळ होत म्हणाले. “बगळाही.”

“मग चौकट ठोकू का?” मामांनी विचारलं. हातोडी त्यांच्या हातातच होती.