शाब्रोचा घोट

वाडग्याच्या कडेवर वाइनचा एक तांबूस ओघळ वाळून बसला होता, नखाने खरवडला असता तर निघालाही असता, पण मायलिसचं नख काही पुढे जाईना… काल संध्याकाळी याच वाडग्यातून तो प्यायला होता. मस्यू लव्हासर. सुट्टीसाठी माडीवरच्या खोलीत उतरलेला, उत्तरेकडच्या शहरातला पाहुणा. लसणाचं सूप तळाशी दोन घोट राहीपर्यंत संपवलं, मग कुणी न सांगता त्यात लाल वाइन ओतली, वाडगं गरगर फिरवलं, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि थेट तोंडाला लावलं. शाब्रो! इथले म्हातारेसुद्धा हल्ली परक्यांसमोर शाब्रो करायला लाजतात, आणि हा… पिऊन झाल्यावर त्याने मनगटाने मिशा पुसल्या.

मिशा त्याला नव्हत्याच.

मिशा गास्तोंला होत्या. तिच्या नवऱ्याला. तीन वर्षांपूर्वी दोर्दोन्य नदीला पूर आला तेव्हा नाव वर ओढायला म्हणून तो गेला. नाव सापडली, तो नाही. उद्या सर्व संतांचा सण, पाद्रीबाबा दफनभूमीत प्रत्येक दगडावर पवित्र पाणी शिंपडत नावं घेणार, आणि सासूसासऱ्यांच्या दगडावर गास्तोंचं नाव कोरायचं की नाही हे पाथरवटाला आज दुपारी सांगायचं होतं.

“सांगायचं काय त्यात?” नणंद ऑदिल सकाळीच थडग्यावर ठेवायच्या शेवंतीच्या कुंड्या घेऊन दारात उभी. “तीन वर्षं जागा धरून बसलीयेस. तो काय बाजारात बदक आणायला गेलाय?”

“सापडला कुठे अजून?”

“नदीला द्यायचा असता तर दिला असता. माझाही सख्खा भाऊच ना गं तो? नाव असलं म्हणजे प्रार्थनेला टेकायला जागा होते, बाई. नाहीतर बिचारी हवेतच फिरते.” मग माडीवरच्या खिडकीकडे बघून, हळूच, “आणि तो तुझा पाहुणा किती खातो गं! बदकंसुद्धा घाबरली असतील.”

मायलिस हसली. हसता आलं याचंच नवल वाटलं… कारण मन तोवर कालच्या रस्त्यावर होतं. आसपासची गावं दाखवायला ती त्याच्या गाडीत बसली होती, आणि पडक्या गिरणीपाशी, जिथे परका माणूस हमखास डांबरी रस्त्याने सरळ जातो, तिथे त्याने गाडी अक्रोडाच्या बागेतल्या कच्च्या वाटेला घातली. “वाट कशी कळली?” तर म्हणाला, “काय की, मादाम. हातच वळला.” जवळची वाट होती ती. गास्तोंची.

म्हणून आज दुपारी तिने पाव मुद्दाम पालथा ठेवला. पालथा पाव अपशकुनी, या मुलखातलं पोरसुद्धा सुलटा करतं. लव्हासरने बोलता बोलता तो उचलला, सुलटा केला नाही आधी, तळाशी सुरीच्या टोकाने बारीकसा क्रूस काढला, गास्तों काढायचा तसाच, मग सुलटा करून कापला. असेल त्याची आजी इकडची, मायलिसने स्वतःला बजावलं, असेलच… देवाच्या घरी एकच साचा थोडाच दोनदा वापरतात? आणि तरी तिने वाइनची बाटली त्याच्या डाव्या हाताला सरकवली. त्याने डाव्याच हाताने उचलली.

“तुम्हीही डावखुरे?” ती म्हणून गेली.

“मीही? म्हणजे आणखी कोण?”

ती उत्तर द्यायला गेली आणि… गास्तों डावखुरा होता? होताच की. नव्हता? चर्चमध्ये क्रूस करताना, लाकडं फोडताना, लग्नाच्या दिवशी तिचा हात धरताना, कुठला हात? एकेक प्रसंग तिने डोळ्यांपुढे आणला, आणि प्रत्येकात बाही गास्तोंची होती, पण बाहीतून बाहेर आलेली बोटं लांब, गोरी, शहरातली.

अंगणात पाथरवटाची गाडी थांबली. ऑदिल आत डोकावली. “मायलिस, अगं तो खोळंबलाय. काय सांगू?”

एकच गोष्ट पक्की होती, गास्तोंचा गळा. सणाच्या प्रार्थनेत गास्तों वरचा सूर लावायचा तेव्हा पाद्रीबाबांचेही डोळे मिटायचे. त्या सुरावर तर ती भाळली होती. मायलिसने डोळे मिटले. हे प्रभू, तेवढा एक सूर ऐकव, मग मी सांगते. चर्चमधला गारवा आला, मेणाचा वास आला, गास्तोंने मान वर करून तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून मऊ, उत्तरेकडच्या हेलात शब्द आले: “मादाम, थोडं सूप आहे का अजून?”

हे आत्ता टेबलावरून कुणी विचारलं की आतून आलं, ते तिला कळलं नाही. कळलं ते इतकंच की नदीने त्या दिवशी गास्तों सगळा नेला नव्हता. उरलेला ती स्वतःच पाहुण्याच्या वाडग्यात पळीपळीने वाढते आहे, काल संध्याकाळपासून. नाव कोरलं तर कोणाचं कोरलं जाईल? भीती वाटायला हवी होती. पण छातीत ऊब पसरत चालली होती, लाज वाटावी अशी, भरल्या घरातली ऊब…

“मायलिस!”

थांब म्हणावं, वाढते आहे, असं ती मनाशी म्हणाली. आणि हे आपण कोणाला म्हणालो याचा शोध घ्यावा, असं तिला मुळीच वाटेना.