ललिताच्या खोलीतला भोंगा

पुंजाजीला कमी ऐकू येतं हे अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या पुंजाजीला. त्याचं आपलं म्हणणं असं, की हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात.

उभी हयात त्याने मोर्णा नदीपलीकडच्या एका जिनमध्ये काढली होती. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं हंगामभर अशी खडखडत, की शेजारच्या माणसाने बोंब मारली तरी कळू नये. तिथे कोणी आवाजाने बोलतच नसे. ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते पाहायचे, एवढंच. एका नव्या मॅनेजरने एकदा सांगून पाहिलं होतं, की कानात कापसाचे बोळे घालत जा. कापूस तर पायदळी लोळत होता, चिमूटभर उचलून कानात घालायला कोणाच्या बापाचं काय जात होतं? पण एकानेही घातला नाही. कानात कापूस घालतात तो मढ्याच्या. जित्या माणसाने घातला म्हणजे मरणाला घरचा पत्ता दिला. छप्पन साली पुंजाजीने दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक, देव्हारा, पोरांच्या गळ्यातले ताईत, सगळ्यांचं गाठोडं बांधून मोर्णेत सोडलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. ही एक समजूत मात्र त्या गाठोड्यात बांधायची राहून गेली.

घरात त्याच्या कानांचा विषय कोणी काढत नसे. त्याची बायको भागीरथा चढ्या आवाजात बोलायची, ते पाहून पोरंही तशीच बोलायची. पाहुण्यांना वाटे, या घरात सदा भांडण चालू असतं. भांडण कसलं, ती माया होती. जन्मभर राबलेल्या माणसाला तू बहिरा झालास असं तोंडावर कोण सांगणार?

धाकटी ललिता तेवढी ओरडत नसे. लहानपणी ती बापाची भाकर घेऊन जिनमध्ये जायची, तिथेच ती ओठांवरचं बोलणं शिकली. बापाच्या समोर येऊन उभी राहायची आणि नुसते ओठ हलवून सांगायची, "बाबा, आज पिठलं हाये." पुंजाजी हसायचा. साऱ्या जगात एकटी तीच स्पष्ट बोलते, असं त्याचं ठाम मत होतं.

याच ललिताच्या हृदयाची झडप खराब निघाली. मॅट्रिक झाली, मास्तरीण व्हायचं म्हणून फॉर्म भरला आणि जिना चढताना धाप लागू लागली. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्याचं हे देणं होतं म्हणे. थोरला धर्मपाल अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून होता. तो रजा काढून आला आणि तिला जठारपेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि पुंजाजीकडे पाठ न फिरवता, नुसता आवाज खाली आणून धर्मपालला म्हणाले, "जपा तिला. दगदग नको, गोंगाट नको, दचकवू नका. फार पुढचं मात्र विचारू नका." आवाज खाली आणला की म्हाताऱ्याला कळत नाही, असा साऱ्यांचाच समज. पुंजाजीने ते सगळं त्यांच्या ओठांवर वाचलं.

ललिताची खाट मागच्या खोलीत टाकली. तिथे खिडकी होती, वारा यायचा, आल्यागेल्यांची गर्दी नव्हती. पण पुढच्या खोलीत रेडिओ होता. धर्मपालने नोकरी पक्की झाल्यावर आणलेला, गल्लीतला पहिला. दिवेलागणीला आयाबाया, म्हातारे, शाळकरी पोरं सगळी ओट्यावर जमायची आणि रेडिओ ऐकायची. ललिताला गाण्यांचा भारी नाद. पुंजाजीने रेडिओच उचलून तिच्या उशाशी न्यायचं ठरवलं तर तिने हात धरला. म्हणाली, "नोका नेऊ बाबा. लोक येतेत, त्याईचा हिरमोड होईन. फक्त इथं आत गान्याचे बोल येत नाईत, निस्ता गुरगुराट येते."

बस्स, एवढंच ती बोलली. तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं, ना लुगडं, ना औषधाबरोबर फळं. पुंजाजीने मनाशी पक्कं केलं. पोरीजवळ दिवस थोडे आहेत, ते गुरगुराटात जाऊ द्यायचे नाहीत.

रेडिओला तार जोडून दुसऱ्या खोलीत वेगळा स्पीकर लावता येतो, असं धर्मपालने पत्रात कळवलं. पुंजाजी दुसऱ्याच दिवशी धोतर-कोट चढवून अमरावतीला गेला. बापलेक जवाहर गेटाच्या आतल्या एका दुकानात शिरले. दुकानदार जानराव हा तोंडाचा फटकळ, पण खोटं न बोलणारा माणूस होता. त्याने आधीच विचारलं, "किती खर्चाची तयारी हाये? म्हंजे उगाच लाखाचे नमुने दाखवत नाई." धर्मपालने आकडा सांगितला. जानरावाने मान हलवली, मोठी लाकडी पेटी बाजूला सारली आणि दोनच वस्तू पुढे ठेवल्या.

एक होता छोटा लाकडी स्पीकर, पुढे जाळीदार कापड लावलेला. दुसरा होता पत्र्याचा भोंगा, हातभर लांब, लग्नाच्या मांडवात वापरून झालेला, एका कडेला चेपलेला.

जानरावाने आधी लाकडी स्पीकर लावला. कोणी बाई गात होती. धर्मपालचा चेहरा खुलला. "बाबा, किती गोड आवाज हाये पाहा."

पुंजाजीने कान पुढे केला. त्याला काय ऐकू आलं? तोच गुरगुराट. भिंतीपलीकडे कोणी दळण दळावं तसा. मनात म्हणाला, हा तर तस्साच आहे, पोरगी म्हणत होती तसाच. मोठ्याने म्हणाला, "याच्यात बोल कुठी हायेत? हा नाई कामाचा."

मग भोंगा लागला. जानराव आणि धर्मपाल, दोघांनीही डोळे बारीक केले. आणि पुंजाजीच्या अंगावर काटा आला. शब्द! एकेक शब्द सुटा, घासूनपुसून ठेवल्यासारखा त्याच्या कानात येऊन पडत होता. बाईने कुठे श्वास घेतला तेही त्याला कळलं. किती वर्षांत त्याने गाणं असं ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"हाच," तो म्हणाला. "हाच घ्याचा माह्या ललितासाठी."

"हा घरात लावाचा नोय बाप्पा," जानराव म्हणाला. "मांडवातला हाये. हजार मानसायसाठी."

धर्मपालही म्हणाला, "बाबा, तिच्या खोलीले हा लय मोठा होईन. डॉक्टरनं सांगतलं हाये ना, गोंगाट नोको."

"गोंगाट कुठचा? साफ बोल हायेत. तुमाले काहून समजत नाई?" पुंजाजी त्या दोघांकडे असा पाहत होता, जणू तेच बहिरे आहेत.

त्या क्षणी धर्मपालने एक वाक्य बोलायला हवं होतं. बाबा, तुमचे कान गेले आहेत. तुम्हाला जे ऐकू येतं ते तिच्या मापाचं नाही. एवढंच वाक्य. पण जे आईने कधी उच्चारलं नाही, ते दुकानात, परक्या माणसासमोर, डोळे पुसणाऱ्या बापाला कसं सांगणार? त्याने पैसे काढून दिले. भोंगा जुना म्हणून स्वस्तही पडला. पुंजाजी तो मांडीवर घेऊन बडनेऱ्यावरून गाडीने परत आला, तान्हं पोर आणावं तसा.

भोंगा ललिताच्या खिडकीच्या वर, तिच्याकडे तोंड करून बसवला. पहिल्या संध्याकाळी रेडिओ लागला तशी ललिताने दोन्ही हात छातीवर धरले आणि डोळे मिटले. भागीरथा चुलीपाशी होती, ती दारात आली. पुंजाजी पोरीच्या पायथ्याशी बसून तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"आलं ना आयकू? साजरं येऊन राहिलं ना?"

ललिताने डोळे उघडले. बापाचा चेहरा पाहिला. असा आनंद त्या चेहऱ्यावर तिने कधी पाहिलाच नसेल. ती हसली आणि ओठांनी म्हणाली, "लय साजरं, बाबा."

त्या दिवसापासून संध्याकाळ म्हणजे बापलेकीची झाली. पुंजाजी दिवे लागायच्या आत मागच्या खोलीत येऊन बसे. गाणं चाललेलं असताना ललिता त्याच्याशी जिनमधल्यासारखं ओठांवर बोले. त्याला वाटे, पोरीला लहानपणाचा खेळ आठवला. कधी तो हाक मारी आणि तिचं लक्षच नसे. खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत राही. तो म्हणे, कशी रंगून गेली. मग तिच्या पायाला हात लावला की ती वळून बघे. ऐन उन्हाळ्यातही ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून, कान झाकून पडून राही. दुखणाईत माणसाला वारा सोसत नाही, असं भागीरथा सांगे, आणि सांगताना दुसरीकडे पाही.

एकदा अंथरुणावर कापसाचे चार तंतू दिसले. पुंजाजीने सवयीने ते बोटांत ओढून पाहिले. आखूड धाग्याचा, जुना माल, उशीतला. उशीची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. "शिवून टाक वं," तो भागीरथाला म्हणाला. तिने शिवली. आठवड्याने ती तिथेच पुन्हा उसवलेली दिसली, तेव्हा त्याने कापडाला दोष दिला.

पोळा झाला आणि ललिता उठेनाशी झाली. पायांवर सूज चढली. धर्मपाल येऊन राहिला. शेवटच्या संध्याकाळीही पुंजाजीने विचारलं, "लावू का?" धर्मपाल काही बोलणार, तोच तिने उशीवरून मान हलवली. हो. पुंजाजीने रेडिओ लावला. तिची नजर गाणं संपेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरून हलली नाही. पहाटे ती गेली.

डॉक्टर येऊन म्हणाले, झडपच गेली होती, आतापर्यंत टिकली हेच खूप. त्यांनी ते मोठ्याने, पुंजाजीला ऐकू जाईल असं सांगितलं. सगळे तेच सांगत होते. तो मान डोलावत होता.

गल्लीतली वयस्क तानुबाई अशा वेळी सगळ्यांच्या घरी यायची. बायका पाणी तापवत होत्या. पुरुष ओट्यावर बसले होते. पुंजाजी मात्र मागच्या खोलीत पायथ्याच्या आपल्या जागी बसून राहिला, आणि त्याला उठ म्हणायला कोणाची जीभ रेटेना. अंघोळ घालण्याआधी तानुबाईने कापूस मागून घेतला, त्याचे छोटे बोळे वळले. दोन नाकपुड्यांत ठेवले. मग कान मोकळे करायला तिने ललिताचे केस मागे सारले.

तिचा हात तिथेच थांबला.

तिने दुसऱ्या कानावरचे केस सारले. मग भागीरथाकडे पाहून आवाज अगदी खाली आणला. आवाज खाली आणला की पुंजाजीला कळत नाही, असा तिचाही समज होता. तिचे ओठ म्हणाले, "भागीरथे, इच्या कानात तं आधीच कापूस हाये. कोनं घातला?"

भागीरथाचे ओठ हलले. "तिनंच. भोंगा आनला तवापासून घाले. छातीत धडधडे तिच्या. ह्याईले सांगू नोको."

पुंजाजीने दोघींचे ओठ वाचले. एक अक्षरही सुटलं नाही.

तो उठला. तानुबाईला हाताने बाजूला केलं आणि पोरीच्या उशाशी बसला. तिच्या कानातला बोळा त्याने दोन बोटांनी बाहेर काढला. उशीतलाच तो आखूड कापूस, वापरून वापरून घट्ट झालेला. जिनमधल्या एका मर्द गड्याला जो कानात घालायची हिंमत झाली नाही, तो या पोरीने जितेपणी, रोज संध्याकाळी, आपल्या हाताने घातला होता. का, तर बापाचं तोंड उतरू नये. झडप खराब होती हे खरंच होतं, त्यात त्याचा काही दोष नव्हता. पण तिला गाणी हवी होती. तिने आयुष्यात मागितलेली ती एक गोष्ट, आणि ती तिला एक दिवसही मिळाली नाही. मिळाली ती त्यालाच. इतके दिवस तो स्वतःच गाणी ऐकत बसला होता.

त्याने दुसराही बोळा काढला. दोन्ही कोटाच्या खिशात ठेवले. मग तो वाकला, तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि जमेल तितक्या हळू, तिला दचकवायचं नाही अशा बेताने म्हणाला, "माय, तुले तरास होये तं सांगाचं ना मले. मी काढून टाकला असता."

हे आपण तिच्या एकटीच्या कानात बोललो, असं त्याला वाटलं. त्याने मान वर केली. खोलीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. पुढच्या खोलीच्या दारातून ओट्यावरची सगळी माणसं आत वळून पाहत होती, आणि त्यांच्या पलीकडे गल्लीत तिरडीचे बांबू बांधणारा धर्मपाल हातातली सुतळी तशीच धरून थांबला होता.