भीमरावांचा चुकलेला 'न'

बदलापूरच्या यशोधराने २००७ साली नोकरी सांभाळून एक वेबसाइट उभी केली. जुन्या मराठी पुस्तकांची पानं स्कॅन करायची, हौशी मंडळींनी ती घरबसल्या टाइप करायची आणि दुसऱ्या कुणीतरी ताडून पाहायची. टाइप करणारे भराभर मिळाले. घोळ होता तो तपासणीत. डावीकडे स्कॅन आणि उजवीकडे मजकूर. लोक वरवर नजर फिरवून 'बरोबर'चं बटण दाबायचे आणि पानागणिक पाच-सहा चुका तशाच राहायच्या.

कुणीतरी तिला अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या भीमरावांचं नाव सुचवलं. त्यांनी उमेदीची वर्षं कल्याणच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली होती. रविवारी यशोधरा त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या नातीच्या कॉम्प्युटरवर साइट उघडून दिली. भीमरावांनी दोन ओळी वाचल्या, मान हलवली आणि उठून एक जुनं पोस्टकार्ड आणलं. ते स्क्रीनच्या काचेवर धरून एक ओळ सोडून बाकीचं पान झाकलं.

"अर्थ लागला की डोळा पुढे पळतो, पोरी," ते म्हणाले. "त्याला अडवायला लागतं."

यशोधराने आठवडाभर खपून सगळी रचना बदलली. आता स्कॅनची एकच ओळ दिसे, तिच्या लगोलग खाली टाइप केलेली ओळ, बाकी सगळं झाकलेलं. चुका आपसूक डोळ्यांत भरू लागल्या. भीमराव तर रोज चहा झाला की बसायचे. म्हातारा पुन्हा कामावर रुजू झाला, असं त्यांच्या पत्नी गयाबाई शेजारणींना सांगायच्या.

एका दुपारी भीमरावांचा यशोधराला फोन आला. आवाज पडलेला होता. एका रेल्वे फिटरच्या आठवणींचं पुस्तक ते तपासत होते. फिटरच्या मुलीनेच, शालनताईंनी, ते साइटला दिलं होतं. त्यात छापलं होतं, 'पुरात गुरुजींनी मला नाचवले.' टाइप करणाऱ्याने गुपचूप 'वाचवले' करून टाकलं होतं. साइटचा नियम मात्र छापलंय तसंच ठेवण्याचा.

"तो 'न' माझा आहे," भीमराव म्हणाले. "बासष्ट साली मीच लावला. लेखक बिचारा एका शब्दाने बोलला नाही. आता पुन्हा माझ्याच हाताने लावू?"

यशोधराला तिथेच आपल्या साइटची उणीव कळली. तिने प्रत्येक ओळीखाली टिपेची जागा केली: वर छापील शब्द, खाली तपासणाऱ्याचं म्हणणं. भीमरावांनी पहिली टीप लिहिली. 'येथे वाचवले असे वाचावे. चूक कंपोझिटरची, म्हणजे माझी.' खाली पूर्ण नाव.

ती वाचून शालनताईंनी यशोधराकडून नंबर घेतला आणि थेट भीमरावांनाच फोन लावला. त्यांनी सांगितलं, वडील ते पान घरी मोठ्याने वाचून दाखवायचे. 'नाचवले' आलं की उठून दोन पावलं नाचायचे आणि पोरं हसून लोळायची.

"दादा, टीप राहू द्या," त्या म्हणाल्या, "पण तो 'न' काढू नका."

भीमराव इतके हसले की गयाबाईंना पाणी आणावं लागलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं पान उघडलं.